शेजारच्या मोबाईलवरचं आपल्या टीव्हीवर येतं? ते कोणत्या वाटेनं येतं, हे आधी शोधा

आमच्या घरी हे आषाढात सुरू झालं आणि पोळा होऊन गेला तरी थांबलं नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी वावरातून आले की हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसतात आणि यूट्यूबवर खंजिरी भजन लावतात. एका संध्याकाळी भजन मधेच तुटलं आणि पडद्यावर चिखलात फसलेल्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ सुरू झाला, आवाज घरभर. मामाजींना वाटलं, चुकून रिमोट दाबला गेला. त्यांनी पुन्हा भजन लावलं. दहा मिनिटांनी पुन्हा ट्रॅक्टर. "सूनबाई, हे आपोआपच बदलून रायलं वो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, धास्ती होती. टीव्हीत कोणी शिरलं काय, बँकेतले पैसे तर जाणार नाहीत ना, इथपर्यंत त्यांची काळजी गेली होती.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. वरूड तालुक्यातलं आमचं गाव संत्र्याचं. दाखले, नमुना आठचे उतारे, निरनिराळे ऑनलाइन अर्ज हे माझं रोजचं काम, आणि कोणाच्या मोबाईलचं काही अडलं की माणूस माझ्याकडंच येतो. तरी घरातला हा प्रकार पुरता समजायला मला दोन महिने लागले. मी दर वेळी एकच उपाय करत होते, वाय-फायचा पासवर्ड बदलायचा. आणि त्रास मात्र तीन वेगवेगळ्या वाटांनी येत होता. एक दार लावलं की आठ दिवस शांतता, मग दुसऱ्या दारानं तोच पाहुणा हजर. तुमच्याकडंही "पासवर्ड बदलला तरी होते" असं चालू असेल, तर हे वाचा.

आधी मामाजींच्या भीतीबद्दल. कोणी आपल्या टीव्हीवर व्हिडिओ लावला म्हणून त्याला आपल्या मोबाईलमधलं काही दिसत नाही, बँकेच्या खात्याला हात लागत नाही. त्याला फक्त आपला पडदा वापरायला मिळतो. बहुतेक वेळा लावणारा माणूस ओळखीचाच असतो आणि आपण काय केलं हे त्याला माहीतही नसतं. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगा. मी उशिरा सांगितलं, तोवर मामाजींनी भजन लावणंच सोडलं होतं.

पहिलं काम: कॅलेंडरच्या मागे वेळ लिहा

मला खरी वाट सापडली ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूमुळं. कधी झालं, काय दिसलं, किती वेळ चाललं, एवढंच मी आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लिहायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत चित्र उघड झालं. काही नोंदी शाळा सुटल्यानंतरच्या, साडेपाच ते सातच्या. काही रात्री नऊच्या पुढच्या. आणि काही फक्त रविवारी दुपारच्या. तिन्हींत पडद्यावर दिसणारं वेगळं होतं.

काय दिसतं, ते नीट पाहा. पडद्यावर नुसता व्हिडिओ येतो, वर घड्याळ नाही, बॅटरी नाही, आणि ज्यानं लावला त्याच्या मोबाईलवर फोन आला तरी आपल्या पडद्यावर काही दिसत नाही? मग ते कास्ट. यात मोबाईल फक्त टीव्हीला सांगतो की अमुक व्हिडिओ लाव, आणि टीव्ही तो आपल्याच नेटवरून ओढतो. म्हणून लावणारा मोबाईल खिशात घालून वावरात निघून गेला तरी आपल्याकडं व्हिडिओ चालूच राहतो, आणि डेटाही आपलाच जातो.

पण पडद्यावर उभा मोबाईलच्या मोबाईल दिसत असेल, वरची बॅटरीची पट्टी, कोणाचा मेसेज आला की तोसुद्धा, तर ते मिररिंग. त्या माणसाचा अख्खा मोबाईल आपल्या भिंतीवर उघडा पडलेला असतो.

आमच्याकडं संध्याकाळी आणि रविवारी कास्ट होत होतं, रात्री मिररिंग.

यानंतरची परीक्षा सोपी आहे. त्रास ज्या वेळेला होतो त्या वेळेला राउटरचा प्लग काढून ठेवा आणि टीव्ही चालू ठेवा. सेट-टॉप बॉक्सवर बातम्या लावल्या तरी चालेल. राउटर बंद असतानाही कोणाचा मोबाईल पडद्यावर उमटला, तर त्याचा तुमच्या वाय-फायशी काही संबंध नाही, तो थेट टीव्हीशी जोडला जातो आहे. राउटर बंद केल्यावर सगळं थांबलं, तर वाट नेटची आहे. मग उरतो एकच प्रश्न, लावणारा तुमच्या वाय-फायवर आहे की लांब कुठंतरी. यासाठी पासवर्ड बदलून बघायचा. नवा पासवर्ड एकालाही दिला नाही आणि तरी झालं, तर तो लांबचा.

संध्याकाळचा ट्रॅक्टर: वाट वाय-फायची

२०२० मध्ये शाळा मोबाईलवर भरत होती तेव्हा आमच्या गल्लीत फायबरचं नेट फक्त आमच्या घरी होतं. चार घरांच्या लेकरांना पासवर्ड दिला. तो दिला याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण दिलेला पासवर्ड चार घरांत थांबत नाही. अँड्रॉइड १०, म्हणजे २०१९ पासूनच्या मोबाईलमध्ये वाय-फायच्या पानावर शेअर दाबलं की चौकोनी कोड येतो. दुसऱ्यानं तो स्कॅन केला की जोडला गेला, पासवर्ड तोंडानं सांगायचीही गरज नाही. कोणाकडून कोणाकडं गेला, याचा हिशेब लागत नाही.

आणि एकाच वाय-फायवर असलेल्या प्रत्येक मोबाईलला तिथला टीव्ही दिसतो. ही सोय मुद्दाम तशी केलेली आहे. गूगलनं २०१३ मध्ये टीव्हीला लावायचं क्रोमकास्ट नावाचं उपकरण आणलं तेव्हापासूनची पद्धत अशी की टीव्ही घरातल्या नेटवर्कवर "मी इथं आहे" असं सांगत राहतो आणि यूट्यूबसारखं ॲप ते ऐकून कोपऱ्यात कास्टचं चिन्ह दाखवतं. घरातलं कोण आणि शेजारचं कोण, हे टीव्हीला कळत नाही. त्याच्या लेखी वाय-फायवर आहे तो घरचाच. शेजारचा सातवीतला पोट्टा अंगणात बसून ट्रॅक्टरचे व्हिडिओ पाहायचा आणि चिन्हावर बोट लागलं की व्हिडिओ मामाजींच्या भजनावर येऊन बसायचा. त्याच्या मोबाईलवर चित्र थांबायचं, मग तो अजून दोन-तीनदा दाबायचा.

इथं पासवर्ड बदलणं हा उपाय बरोबर आहे, पण तो टिकत का नाही ते मला नंतर कळलं. नेट अडकलं की फायबरवाला मुलगा येऊन राउटरच्या मागचं बारीक छिद्र पिनेनं दाबायचा. त्यानं राउटर कोरा होतो आणि पासवर्ड पुन्हा तोच, खालच्या स्टिकरवर छापलेला. त्या स्टिकरचा फोटो अर्ध्या गल्लीच्या मोबाईलमध्ये होता. मी बदललेला पासवर्ड गेला आणि जुने सगळे मोबाईल आपणहून पुन्हा जोडले गेले. तेव्हा राउटर रिसेट झाला की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, आणि राउटरच्या आत शिरायचा ॲडमिनचा पासवर्डही बदलायचा, तोही बहुधा स्टिकरवरच असतो. आत जायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकतात. काही कंपन्यांच्या राउटरचा पत्ता वेगळा असतो, तो स्टिकरवर दिलेला असतो. आत गेल्यावर सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा आणि डब्ल्यूपीएस नावाचं बटण-जोडणीचं कलम बंद करा.

लेकरांचं नेट तोडायचं नसेल तर गेस्ट नेटवर्क करा. मला सगळ्यात पटलेला उपाय हाच. एकाच राउटरवर दुसऱ्या नावाचं वाय-फाय निघतं, त्यावरच्यांना नेट मिळतं, पण साधारणपणे घरातली बाकीची उपकरणं दिसत नाहीत. कंपनीनं दिलेल्या राउटरमध्ये गेस्ट असं नाव नसेल तर वाय-फायच्या पानावर दुसरं, तिसरं एसएसआयडी, म्हणजे वाय-फायचं वेगळं नाव, चालू करायची सोय पाहा आणि त्याच्यासमोर आयसोलेशन, म्हणजे उपकरणं एकमेकांना दिसू न देण्याचा, पर्याय असेल तर तो लावा. चालू केल्यावर एक मोबाईल त्या नव्या नावावर जोडून यूट्यूब उघडा आणि टीव्ही दिसतो का ते स्वतः तपासा. दिसला तर आयसोलेशन लागलेलं नाही. मुख्य वाय-फायवर मात्र आयसोलेशन लावू नका, नाहीतर तुमच्या स्वतःच्या मोबाईललाही टीव्ही सापडणार नाही.

तीन गोष्टी लोक सांगतात, त्यात वेळ घालवू नका. टीव्ही पाच गिगाहर्ट्झवर नेला की सुटका होते म्हणतात. होत नाही, कारण २.४ आणि ५ ही साधारणपणे एकाच नेटवर्कची दोन दारं असतात, आत सगळे एकमेकांना दिसतात. वाय-फायचं नाव लपवून फायदा नाही, ज्यांच्या मोबाईलनं ते लक्षात ठेवलंय ते जोडले जातातच. आणि राउटरमध्ये एकेका मोबाईलचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, अडवत बसण्यात अर्थ नाही, कारण अँड्रॉइड १० पासून मोबाईल खरा पत्ता लपवून वेगळाच पत्ता दाखवतो.

रात्री नऊचं मिररिंग: थेट टीव्हीला येणारी वाट

हे प्रकरण मला सगळ्यात जड गेलं. राउटर काढून ठेवला, तरी साडेनऊला पडदा निळा झाला आणि एक मोबाईल उभा राहिला. गॅलरी उघडली, लग्नाचे फोटो सरकू लागले. फोटो पाहून घर ओळखू आलं, भिंतीला लागूनच असलेल्या काकूंचं.

मिराकास्ट नावाची पद्धत २०१२ पासून आहे. तिला राउटर लागत नाही. मोबाईल आणि टीव्ही आपसांतच वाय-फाय डायरेक्टनं जोडले जातात. म्हणजे घरात नेट नसलेल्या माणसाच्या टीव्हीवरही दुसऱ्याचा मोबाईल येऊ शकतो, आणि तुम्ही पासवर्ड शंभरदा बदलला तरी या वाटेवर काही फरक पडत नाही. आमच्याकडं घरं भिंतीला भिंत लावून आहेत, मधली भिंत एकच, तेव्हा अंतर किती असणार? काकूंचा टीव्ही आमच्यापेक्षा लांब भिंतीला आणि आमचा त्यांच्या बैठकीच्या अगदी पलीकडं.

पण काकूंचा मुलगा आमच्या टीव्हीवर का लावेल? त्याच्याकडं स्वतःचा टीव्ही आहे. उत्तर नावात होतं. मागच्या दिवाळीत दोन्ही घरांनी तालुक्यातल्या एकाच दुकानातून एकाच कंपनीचा, एकाच मापाचा टीव्ही घेतला. कारखान्यातून येताना दोघांचं नाव एकच. त्याच्या मोबाईलवर यादी उघडली की एकसारखी दोन नावं दिसायची. तो वरचं दाबायचा. कधी त्याचा टीव्ही लागायचा, कधी आमचा. आपल्या टीव्हीवर काही आलं नाही की तो समजायचा, मशीन हँग झालं, आणि पुन्हा दाबायचा.

टीव्हीनं विचारलं का नाही, हाही प्रश्न मला पडला. विचारलं होतं. पहिल्यांदा पडद्यावर परवानगीची चौकट आली तेव्हा आई मालिका पाहत होत्या. चौकट जाईना म्हणून त्यांनी ओके दाबलं. तेव्हापासून तो मोबाईल परवानगी असलेल्या यादीत बसला आणि टीव्हीनं पुन्हा कधी विचारलंच नाही. यात आईंची चूक नाही. चौकटीतली इंग्रजी वाक्यं वाचून ठरवा, असं साठीतल्या बाईला कोणी शिकवलेलंच नसतं. मी आता त्यांना एवढंच सांगून ठेवलंय की आपण काही केलं नसताना पडद्यावर दोन बटणांची चौकट आली, तर रिमोटवरचं मागे जायचं बटण दाबायचं आणि मला आवाज द्यायचा.

इथं उपाय या क्रमानं करा. सगळ्यात आधी टीव्हीचं नाव बदला. अँड्रॉइड टीव्हीवर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस प्रेफरन्सेस, मग अबाउट, मग डिव्हाइस नेम अशी वाट असते, नव्या गूगल टीव्हीवर पहिलं पान सिस्टिम नावाचं असतं. आमच्या टीव्हीचं नाव आता "मामाजी बैठक" आहे आणि काकूंच्या टीव्हीचं नाव त्यांच्या नातीचं. नुसत्या नावानं दोन्ही घरांचा रात्रीचा गोंधळ थांबला, बाकीचं सगळं त्यानंतरचं. तुमच्या गल्लीत एकाच ऑफरमध्ये घेतलेले टीव्ही असतील तर आज हेच करा.

मग परवानगीची जुनी यादी पुसा. सॅमसंगमध्ये एक्स्टर्नल डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिव्हाइस कनेक्शन मॅनेजर असं पान आहे. तिथं ॲक्सेस नोटिफिकेशन नेहमी विचारण्यावर ठेवता येतं आणि खालच्या यादीतून एकेक मोबाईल काढता किंवा अडवता येतो. सोनीच्या आणि बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींत नेटवर्कच्या पानात वाय-फाय डायरेक्ट बंद करता येतं, ते केलं की ही वाट संपली. ॲपलचे मोबाईल ज्या टीव्हीवर चालतात तिथं एअरप्लेच्या पानात कोड मागण्याची सोय आहे, ती दर वेळी मागण्यावर ठेवा.

स्वस्तातल्या टीव्हींत हे पान सापडायला त्रास होतो. तिथं मिराकास्ट, ई-शेअर किंवा स्क्रीन मिररिंग अशा नावाचं ॲप असतं. काही टीव्ही ते ॲप उघडल्यावरच मोबाईल स्वीकारतात, त्यांची चिंता नाही. काही मात्र मागून सतत कान देऊन असतात. ॲप उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये पिन मागायची सोय आहे का पाहा, नसेल तर ॲप्सच्या यादीत जाऊन ते डिसेबल करा.

आता जे सांगायचंय ते काळजीनं सांगते. एका रात्री आमच्या पडद्यावर फोटो नव्हते, एका दवाखान्याचा रिपोर्ट होता. मोठ्या अक्षरांत नाव, वय, आजार. मी झटकन टीव्ही बंद केला. त्या घरानं ते आजारपण कोणालाच सांगितलं नव्हतं. मिररिंगमध्ये असं होतं: बँकेची बरीच ॲप्स पडदा काळा करून स्वतःला झाकून घेतात, पण गॅलरी, व्हॉट्सॲप आणि वरून सरकत येणारा मेसेज झाकला जाईलच असं नाही. आपण समजतो की त्रास आपल्याला आहे, कारण आपलं भजन तुटलं. उघडं तर पलीकडचं घर पडतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंकडं एकटीच गेले, चुलीपाशी बसून हळूच सांगितलं. "बाई वो, मले वाटलं तो आमच्याच टीव्हीवर पाहून रायला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. कोणी तुमच्या टीव्हीवर चुकून येत असेल तर अंगणात उभं राहून ओरडू नका, चार माणसांत विचारू नका. घरात जाऊन सांगा.

रविवार दुपार: नागपूरहून येणारा व्हिडिओ

दोन वाटा बंद झाल्यावरही रविवारी दुपारी गाणी लागायची. वाय-फाय नवं, मिराकास्ट बंद. कोपऱ्यात क्षणभर एका मोबाईलचं नाव दिसायचं आणि जायचं. तिसऱ्या रविवारी मी मोबाईलचा कॅमेरा टीव्हीसमोर लावून बसले तेव्हा ते नाव वाचता आलं. आमचा भाचा. तो नागपूरला होस्टेलवर शिकतो, आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर.

यूट्यूबमध्ये टीव्ही कोड नावाची जोडणी आहे. टीव्हीवर यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये आकडे दिसतात, ते मोबाईलच्या यूट्यूबमध्ये टाकले की दोन्ही जोडले जातात. ही जोडणी वाय-फायची नाही, यूट्यूबच्या सर्व्हरमधून जाते. म्हणून मोबाईल जगात कुठंही असो, मोबाईल डेटावर असो, तो टीव्ही त्याच्या यादीत राहतो. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं मामाजींना भजन शोधून देण्यासाठीच हे केलं होतं. रविवारी होस्टेलच्या हॉलमधला टीव्ही समजून तो यादीतलं नाव दाबत होता, कारण त्याच्या यादीत आमचा टीव्ही "यूट्यूब ऑन टीव्ही" अशा कोणाच्याही वाटेल अशा नावानं बसला होता.

याचा उपाय दोन मिनिटांचा आहे. टीव्हीवर यूट्यूब उघडा, सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हायसेस शोधा, अनलिंक ऑल दाबा. सगळे जुने मोबाईल एकदम तुटतात. मोबाईलकडूनही करता येतं: यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये वॉच ऑन टीव्ही, त्यात डिलीट टीव्हीज. पाहुणे येऊन गेले, पोरं सुट्टी संपवून परत गेली, की टीव्हीवरून एकदा अनलिंक करायची सवय ठेवा.

याच वेळी टीव्हीत कोणाचं गूगल खातं आहे तेही पाहा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सचं पान असतं. गावाकडं टीव्ही लावून द्यायला दुकानातला मुलगा येतो, घरच्यांना जीमेलचा पासवर्ड आठवत नाही, मग तो स्वतःचंच खातं टाकून टीव्ही चालू करून देतो. मदत म्हणूनच करतो, पण त्या दिवसापासून तुम्ही काय पाहता याचा इतिहास त्याच्या खात्यात जमा होतो. दुसऱ्याचं खातं दिसलं तर ते काढा आणि आपलं टाका. गूगल होम ॲपमध्ये टीव्ही जोडलेला असेल तर तिथल्या घराच्या सदस्यांत कोण कोण आहे, तेही एकदा वाचा.

कास्टची गरजच नसेल तर

मामाजी आणि आई दोघंही रिमोटनंच टीव्ही लावतात. तुमच्याही घरी कोणी कास्ट वापरत नसेल, तर मुळातच बंद करा. अँड्रॉइड टीव्हीवर सेटिंग्ज, ॲप्स, सगळी ॲप्स, आणि त्यात सिस्टिम ॲप्स दाखवा असं केलं की क्रोमकास्ट बिल्ट-इन किंवा गूगल कास्ट रिसीव्हर नावाचं ॲप दिसतं. ते डिसेबल करा. यूट्यूब, बातम्या, बाकी सगळं रिमोटवर पूर्वीसारखंच चालतं, पुन्हा हवं तेव्हा तिथंच एनेबल करता येतं. यानं मिराकास्ट मात्र बंद होत नाही आणि यूट्यूबच्या कोडची जोडणीही तुटत नाही, त्या दोन्हींचं वेगळं करावंच लागतं. टीव्ही फॅक्टरी रिसेट झाला तर हे ॲप परत चालू होतं.

रात्री टीव्ही आपोआप सुरू होतो, असंही दोघा-तिघांनी मला पंचायतीत येऊन सांगितलं. एका घरी तर अंगारा लावला होता. रिमोटनं बंद केलेला टीव्ही पुरता बंद नसतो, लाल दिवा जळत असतो, आणि कोणी कास्ट केलं की काही टीव्ही जागे होतात. सॅमसंगमध्ये पॉवर ऑन विथ मोबाईल, एलजीमध्ये टर्न ऑन व्हाया वाय-फाय, सोनीमध्ये रिमोट स्टार्ट या नावाची सोय शोधून बंद करा. टीव्हीला वेगळी काडी म्हणजे स्टिक लावलेली असेल तर ती एचडीएमआयच्या तारेतूनच टीव्हीला उठवते, त्यासाठी टीव्हीतलं एचडीएमआय-सीईसी बंद करावं लागतं. आणि तोवर रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करा.

आणखी एक छोटी गोष्ट, तिचा या सगळ्याशी गोंधळ होतो. तुम्ही स्वतः कास्ट केलेला व्हिडिओ मधेच थांबतो किंवा आवाज कमी-जास्त होतो? त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या अँड्रॉइड मोबाईलवर "टीव्हीवर अमुक चालू आहे" अशी पट्टी येते आणि कोणीतरी ती काढायला जाताना थांबवायचं बटण दाबतं. गूगल होम ॲपमध्ये टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये इतरांना नियंत्रण देणारा पर्याय बंद करा.

आमच्या घरी आता आश्विन लागला आहे. मधे दोनदा लाइन जाऊन आली, एकदा फायबरवाल्यानं राउटर रिसेट केला. त्या दिवशी मी त्याला थांबवून घेतलं, पासवर्ड आणि गेस्टचं वाय-फाय त्याच्यासमोरच पुन्हा लावलं, आणि स्टिकरवर कागद चिकटवला. शेजारच्या पोट्ट्याला गेस्टचा नवा पासवर्ड मीच जाऊन दिला. त्यानं यूट्यूब उघडून वरचा कोपरा दाखवला, कास्टचं चिन्ह नव्हतं. कॅलेंडरच्या मागची शेवटची नोंद पोळ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची आहे, त्याखाली आईंनी रोज एक बारीक रेघ मारायला सुरुवात केली. आज तेवीस रेघा झाल्या.